वीस खाचांची छडी

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनी छडी आहे आणि आता माशी हाकलायचाही दम माझ्यात उरलेला नाही. मेळघाटच्या रानात मी वाढले, बैलगाडीतून परतवाड्याच्या बाजारात आले आणि केशवराव पंतोजींच्या काखेत बसून पातूरजवळच्या एका गावातल्या शाळेत पोचले. पोरे मला बघून चळाचळा कापतील, असे मनात मांडे खातच मी तिथे पाऊल टाकले.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई पेटली होती म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून चैन पडत नव्हते. अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ तुटत नसे. धडधाकट पोरे वेचणीला गेली. शाळेत उरली ती बहुतेक शेताला निकामी ठरवलेली.

पंतोजींना त्याचे काही वाटले नाही. पिंजाऱ्याचा रऊफ जन्मापासून आंधळा. त्याच्यासाठी ते माझ्या टोकाने अंगणातल्या मातीत हातभर लांबीची अक्षरे कोरत आणि तो अनवाणी पायांनी त्या चरांतून चालत अक्षर ओळखे. मला मातीत खुपसलेले अजिबात आवडत नसे, पण मला विचारतो कोण?

जानरावांच्या सहदेवाची तऱ्हा निराळी. नऊ वर्षांचा झाला तरी सातानंतरचे आकडे त्याच्या डोक्यात टिकत नसत. पंतोजींनी चाकू घेतला आणि माझ्या अंगावर वीस खाचा पाडल्या. एकेका खाचेवर अंगठा सरकवत सहदेव मोजू लागला. बाकीच्यांनी त्याला मठ्ठ म्हटले, तेव्हा पंतोजी म्हणाले, "त्याले येत नाही असं नोको म्हनू. मलेच अजून त्याले सांगता आलं नाही." वर्षभरात त्याचा अंगठा विसाव्या खाचेपर्यंत पोचला. मी मात्र मनातून चरफडत होते. मारायला आणलेल्या छडीची ही काय गत!

सहदेवाचे हात चपळ होते, म्हणून शेताला तो हवा होता. एक दिवस जानराव दारात येऊन उभे राहिले. "पंतोजी, दोन वर्सं झाले. कावून ठेवू याले इथं? तपासनीस साहेबासमोर वीसपर्यंत मोजलं तं राहू द्या. नाहीतर उद्यापासून वेचाले."

तपासनीस अकोल्याहून आले, जानरावही दारात येऊन उभे राहिले. शाळा चालू ठेवायची की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचे होते. पंतोजींच्या कपाळावर सकाळपासून घाम. सहदेवाची पाळी आली. तो सरळ मेजापाशी गेला आणि मला उचलून खाचेवर अंगठा ठेवला.

तपासनीस हसले. "काय हो पंतोजी, तुमच्याकडे छडी पोरांच्या हातात असते वाटतं?"

सगळी शाळा हसली. पंतोजींचा चेहरा काळवंडला. ही मोजायची छडी आहे, एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते तर भागले असते. पण भीतीने त्यांची वाचाच बसली. त्यांनी मला हिसकावले आणि सहदेवाच्या तळहातावर ओढले.

इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते ते झाले. माझ्या खाचेने त्याच्या अंगठ्याची सालटी निघाली. तो रडला नाही, त्याने मोजलेही नाही. जानरावांनी त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेले. मला लाज वाटली, हे खरे सांगते.

तपासनिसांनी शेरा बरा दिला. शाळा वाचली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंतोजी मला घेऊन जानरावांच्या शेतात गेले. मला पाहताच सहदेवाने दोन्ही हात कापसाच्या ओटीत खुपसले. पंतोजी जागीच थांबले. मग त्यांनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या गवतात टाकले आणि रिकाम्या हातांनी पुढे झाले.

"चुकलो रे बापू," ते म्हणाले. सहदेवाने तोंड फिरवले.

पंतोजी रोज येऊ लागले. त्याच्या शेजारी कापूस वेचत. फार वाईट वेचत. पाचव्या दिवशी सहदेवाला राहवले नाही. "पंतोजी, पत्ती लागली कापसाले. असं वेचा." पंतोजी मुकाट्याने शिकले.

आठव्या दिवशी ते काळ्या मातीत पाय पसरून बसले, पायताण काढले आणि दोन्ही हात पुढे केले. पंतोजींनी ज्या हाताने मारले होते त्याच हाताचे पहिले बोट सहदेवाने धरले. "एक." हातांची बोटे संपली, तो पायांकडे वळला. सतरावर अडला, परत मागे गेला, पुन्हा आला. शेवटच्या करंगळीला धरून ओरडला, "वीस!"

जानराव कापसाच्या पऱ्हाट्यांमधून ऐकत उभे होते. "उद्या धाडतो," एवढेच बोलले.

सहदेवाने विचारले, "ते छडी हाय का शाळंत?"

"नाही," पंतोजी म्हणाले.

ते माझ्याजवळूनच गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण मला उचलले नाही.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतील, आम्हाला जपा, जागेवर ठेवा. माझी विनवणी वेगळी आहे. मी गवतात आहे. कधी दिसले तर मला तिथेच राहू द्या.