खाटेखालची पिशवी

तिने जाळीची पिशवी कात्रीने उभी कापली आणि आतलं गवत आईच्या शिलाई मशीनवर झटकलं. चिखल पुसल्यावर काडी न् काडी पिवळी, कडक. वर्षभर दलदलीत पुरलेलं गवत असं निघत नाही. घराच्या बाजूला पुरलेल्या साऱ्या पिशव्या अशाच निघाल्या होत्या आणि तिचं डोकं सणकलं होतं.

मातीत काय किती कुजतं हे मोजणं तिचं काम. समुद्र चढत होता. खाऱ्या पाण्याने दलदलीतली मुळं लवकर कुजली, तर जमीन खाली बसणार आणि तिच्यावरचं हे घरही. म्हणून पुरतानाच तिने आईला बजावलं होतं की, आतलं गवत कुजून पिशव्या रिकाम्या निघाल्या तर मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचं. आई हो म्हणाली होती. पिशव्या आईनेच शिवून दिल्या होत्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला त्यात अवघड ते काय? आणि तशाच आणखी शिवण्यात तरी काय?

"तू बदलल्यास."

आई सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना.

मग मात्र लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला. वर्षाचं काम मातीत घातलंस, उद्या भिंत अंगावर आली तर मी काय करू, तुझ्या हट्टापायी मला धड झोप नाही. आईचा इतका राग आल्याची तिला लाजही वाटली नाही.

आई उठली. बिस्किटांचा डबा आणून तिने मशीनवर आदळला. आत खऱ्या पिशव्या होत्या, चिखलाने माखलेल्या, लेकीने बांधलेल्या खुणेच्या पट्ट्यांसकट. एकजात रिकाम्या.

"तुझं काम फेकलेलं नाही मी."

तळाच्या एका पिशवीला पट्टी नव्हती. लेकीने ती उजेडात धरली. आत चिमूटभर काळा गाळ.

"ही माझी नाही. कुठली?"

"माझ्या खाटेखालची. फरशी उचकटून मीच पुरली होती." आईचा आवाज चढला. "म्हटलं, तुझं खोटं ठरेल. घरातली तरी भरलेली निघेल."

लेकीने पिशवी खाली ठेवली. आईने सुई तिच्यापुढे धरली.

"दोरा ओव."

तिलाही तो ओवता येईना.