पोरीची जाळी

"काय सांगता! पोरीनं बनवलेली जाळी बापाच्याच पोटात?" शेजारच्या खाटेवरचे आजोबा विचारत होते, आणि माझे बाबा पडल्या पडल्या छाती फुगवून म्हणाले, "मग काय! बघाच तुम्ही." दारात उभी असलेली मी थबकले.

बाबा जन्मभर विहिरींतले पंप दुरुस्त करत आले. मांडीचं हाड मोडून पडले आणि पायात रक्ताची गुठळी झाली. ती सुटून फुप्फुसात गेली की खेळ खलास. पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं, म्हणून रक्त पातळ करायचं औषध बंद. उरला एकच उपाय: पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची बारीक जाळी बसवून गुठळी वाटेतच अडवायची. आमच्या कारखान्यात मी असल्याच जाळ्या बनवते. बाबांची शीर रुंद, त्यामुळे बाजारातली जाळी सरकायची भीती. माझी नवी बरोब्बर बसणारी. डॉक्टरांनी खास परवानगीही आणली होती.

आणि सकाळीच कारखान्यातून फोन आला होता. चाचणीच्या मशीनवर माझ्या जाळीचा एक पाय तुटला, म्हणजे शिरेला पकडून ठेवणारी तार.

"बाबा, माझी नको. बाजारातलीच बसवू."

"अगं, सगळ्या वॉर्डाला सांगून बसलोय मी!"

"पाय तुटला तिचा. उद्या तुमच्या आत तुटला, तुकडा हृदयात गेला, तर?"

"आणि ती दुसरी सरकली तर?"

मी डॉक्टरांना बाजारातलीच बसवायला सांगितलं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ऑपरेशनसाठी आत नेईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले.

बाहेरच्या बाकावर माझा जीव टांगणीला लागला. ती सरकली तर बापाला मीच मारलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मेली ती तार, आजच तुटायची होती! शेवटी डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "बसली. टिकते का ते उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी तपासणीत दिसलं, जाळी जागची हलली नव्हती. आणि तिच्यात एक चांगली बोटभर गुठळी अडकली होती. मी सांगायला धावले. पडद्याआड आजोबा विचारत होते, "मग? पोरीची जाळी काय म्हणतेय?"

"तिची नाहीये ही," बाबांचा आवाज अजून बारीकच होता. "तिनंच नको म्हटलं. तिची अजून पक्की व्हायचीय."

"अरेरे!"

"अरेरे कसलं? भरवशाचा नसलेला माल मीसुद्धा कधी कुणाच्या विहिरीत सोडला नाही. माझीच पोर आहे ती."

डोळे पुसून होईपर्यंत मी पडद्याला हात लावला नाही.