आवाज बॉनेटवर ठेवायचा नाही

मिस्त्रीनं करंगळीच्या पेरानं पडद्यावर टिचकी मारली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला त्याचा आवाज म्हणाला, "अगं."

"थांबा हो, आलेच," गाडीखालून उत्तर आलं.

गाडीखाली त्याची बायको होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे पाय, आणि पायांत मिस्त्रीचेच जुने बूट, पुढे चिंध्या कोंबून बसवलेले. पाऊण तास ती सायलेन्सरच्या एका गंजक्या बोल्टाशी झगडत होती. ती सरपटत बाहेर आली, कपाळावरचं ग्रीस मनगटानं पुसायला गेली आणि भुवईपर्यंत पसरवून बसली.

"काय?"

मिस्त्रीनं मान हलवली. काही नाही.

"काही नाही कसं? तिकडे त्या मेल्या बोल्टानं माझा जीव काढलाय, आणि तुम्ही उगाच हाका मारताय."

ती पुन्हा खाली गेली. हल्ली दिवसातून चार-पाच वेळा हे असंच व्हायचं. गळ्यात आवाज होता तेव्हा मिस्त्री कामाशिवाय हाक मारणारा माणूस नव्हता.

आवाज म्हणजे घरातला टॅब्लेट. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीच्या घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं, श्वासापुरतं गळ्याला भोक राहिलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधल्या बाईंनी सांगितलं होतं, आहे तो आवाज मशीनमध्ये भरून ठेवा, घरच्यांशी जे बोलावंसं वाटतं ते मोकळ्या मनानं बोला. थोरल्या मुलीनं टॅब्लेट आणून दिला. मिस्त्री तीन दिवस त्याच्यासमोर बसला आणि त्यानं एकशे बारा वाक्यं भरली, दर वाक्याला पडद्यावर एक बटण. लेकीला वाटलं होतं, बाबा काहीतरी हळवं बोलतील. ऐकायला बसली तर काय, पहिलं वाक्य "अगं", दुसरं "दहाचा पाना दे", तिसरं "उलटा फिरव". सातवं खास गिऱ्हाइकांसाठी, "उद्या या". एकतिसावं, "घोडी लावली का?" चोपन्नावं, "चहात साखर पडली नाही वाटतं." एकशे बारापैकी एकही वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी यावं असं नव्हतं. तरी त्याची बायको पहिल्यांदा ते "दहाचा पाना दे" ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

टॅब्लेटला टॅब्लेट म्हणणं घरात कधीच सुटलं. आवाज चार्जिंगला लावला का, आवाज कुठे ठेवलाय, आवाजावर पाणी उडवू नका. लहान लेकराला जपावं तसा तो जपला जाई. दर सोमवारी नवी झिपची पिशवी. चारी कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. कानस किंवा ग्राइंडर चालू असला की वर टॉवेल, कारण लोखंडाची भुकटी कुठूनही शिरते. पडद्याला तेलाचं बोट लावायचं नाही, म्हणून दोघांच्याही उजव्या हाताची करंगळी तेवढी स्वच्छ असायची. बाकीची बोटं कशी का असेनात. एकदा तिनं घाईघाईत तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि तो घसरला. गुडघ्यावर झेलला म्हणून वाचला. मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुठ्ठा लागला, त्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात: आवाज बॉनेटवर ठेवायचा नाही.

गिऱ्हाइकं ती पाटी वाचून हसत. आज लोखंडी घोड्यांवर चढवलेली गाडी ज्याची होती तो कंपाउंडर तर हमखास म्हणायचा, "मिस्त्री, आमच्या हिचाही आवाज असा खिळ्याला टांगता आला असता तर काय बहार आली असती!"

यावर मिस्त्री सातवं बटण दाबायचा. "उद्या या," आवाज म्हणायचा, आणि कंपाउंडर पोट धरून हसायचा.

चार महिन्यांपूर्वी गाठ परत आली. डॉक्टर या खेपेला वर्षांत बोलले नाहीत, महिन्यांत बोलले. औषधांनी मिस्त्रीचे हात थरथरायला लागले, पाना धरला की नटावर टकटक वाजायचा. घराला लागून असलेल्या या एका गाडीच्या गॅरेजवर दोघांचं पोट होतं, आणि उद्या ते तिच्या एकटीचं पोट असणार होतं. हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही. एका सकाळी मिस्त्रीनं आपले बूट तिच्यासमोर आणून ठेवले, एवढंच. तेव्हापासून ती गाडीखाली आणि तो भिंतीजवळच्या स्टुलावर. ब्रेक तिला जमले, क्लच जमला. गाडीची चित्रं, कुठला नट कुठे, हेही तो त्याच टॅब्लेटवर काढून दाखवायचा. सायलेन्सर पहिल्यांदाच होता.

"घोडी लावली का?" आवाजानं विचारलं.

"लावली हो. दोन्हीकडे लावली. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

खोटं नव्हतं ते. जॅकवर गाडी उचलायची, आणि माणूस खाली जाण्याआधी तिला लोखंडी घोड्यांवर टेकवायची, हा मिस्त्रीचा पहिला धडा. तिनं दोन घोड्या लावल्या होत्या. जॅक मध्ये मध्ये येतो म्हणून काढून बाजूला ठेवला होता. फक्त डावीकडे तेलाचा ट्रे आडवा आला, तेव्हा तिनं तिकडची घोडी वीतभर अलीकडे घेतली. तिथे जमिनीला जुना खड्डा होता, सिमेंट भरून बुजवलेला. वरून पाहिलं तर कळायचंही नाही.

तिनं पान्याच्या दांड्याला पाइप अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढलं. गाडी किंचित हलली. पुन्हा ओढलं.

मिस्त्रीनं पाहिलं, डाव्या घोडीचा एक पाय जमिनीत शिरतोय. नखभर. त्यानं डोळे बारीक केले. तिनं पुन्हा पाइप ओढला आणि घोडीची मान कलली.

तो उठला. त्याच्या आणि तिच्या मध्ये कामाचं टेबल होतं आणि अख्खी गाडी. तिचे पाय पलीकडच्या बाजूला, दाराकडे. भिंत धरधरून तिथे पोचायला त्याला हल्ली दोन मिनिटं लागत. त्यानं खिळ्यावरून आवाज ओढून काढला आणि पहिलं बटण दाबलं.

"अगं."

"थांबा हो."

"अगं. अगं. अगं."

"अहो, येते म्हटलं ना! सुटायला आलाय."

आवाज मोठ्यात मोठा लावलेला होता. पण तो दोन वर्षांपूर्वी, खुर्चीत बसून, चहाचा कप शेजारी ठेवून काढलेला आवाज होता. तितकाच निवांत. कितीही दाबला तरी तो काही चढणार नव्हता. मिस्त्रीची करंगळी बटणांवरून सैरावैरा फिरली. पाना दे, उलटा फिरव, साखर, पंखा लाव. एकशे बारा वाक्यं, आणि त्यात 'बाहेर ये' नाही. 'सरक' नाही. माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतो ते कुणी आधी भरून ठेवतं का? त्यानं एकतिसावं दाबलं.

"घोडी लावली का?"

"लावली, लावली, लावली!" ती खालून करवादली. "देवाशपथ लावली! आता लिहून देऊ का?"

पाइप करकरला. घोडी अजून कलली, आणि वरून गंजाचा चुरा झरझर खाली आला.

मिस्त्री खाली वाकला. दोन वर्षं ज्याला कधी जमीन लागू दिली नव्हती तो आवाज त्यानं फरशीवर आडवा धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून गाडीखाली फेकला. रबराचे कोपरे फरशीवर किंचाळत गेले. तिच्या कोपरावर तो आपटला.

तिनं मान वळवून पाहिलं. नाकासमोर आवाज, पिशवीसकट, उलटा पडलेला.

आवाज जमिनीवर! मिस्त्रीच्या हातून आवाज सुटला याचा अर्थ एकच होता. तो पडला. तो गेला. ज्या दिवसाची धास्ती घेऊन ती चार महिने उठत-बसत होती, तो दिवस आला, आणि ती इथे गंजक्या बोल्टाशी भांडत बसली होती.

"अहो!" तिनं हातातलं सगळं टाकलं, टाचा रोवल्या आणि अंग ओढत बाहेर आली. डोक्याला पत्र्याची कड लागली तेही तिला कळलं नाही. उठून बॉनेटला वळसा घालून ती धावली.

मिस्त्री उभा होता. टेबलाला धरून, तोंड वासून. ओरडत होता तो. पूर्ण ताकदीनं ओरडत होता, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा शिट्टीसारखी बाहेर येत होती.

"काय झालं? काय होतंय तुम्हाला?"

मागे धप्प झालं. फार मोठा आवाज नव्हता तो. गाडी खाली बसली, एका अंगावर, आणि तेलाचा ट्रे चेपला आणि काहीतरी कटकन मोडलं.

ती वळून बघत राहिली. बराच वेळ तिला उमगेचना.

"आवाज," ती म्हणाली. "अहो, तुमचा आवाज आत राहिला."

मिस्त्रीनं तिच्या दंडाला धरलं. मग खांद्याला, मग डोक्याला, जिथे रक्त येत होतं तिथे. ती जागच्या जागी आहे की नाही हे तो चाचपून बघत होता. तिनं त्याचा हात झिडकारला आणि मग एकदम तिचा बांध फुटला.

"फेकायचा होय तो? दुसरं काही नव्हतं का? पाना होता ना खिशात! पाना आपटायचा!"

मिस्त्रीनं खिशातला पाना काढून पाहिला. दहाचा. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं तो तिला दाखवला आणि मान हलवली. नाही म्हणून.

तिलाही ठाऊक होतं. पान्याच्या आवाजाला ती बाहेर आली नसती. गॅरेजात दिवसभर काही ना काही आपटतच असतं. ती म्हणाली असती, थांबा हो.

संध्याकाळी दोघांनी मिळून जॅक लावला. तिनं लांब दांड्याच्या झाडूनं आवाज बाहेर ओढला. पिशवी कुठेही फाटली नव्हती. आत सगळा चुरा.

लेकीला फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग आईवर चिडली, मग पुन्हा रडली. "मी किती वेळा म्हटलं होतं गं, त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ या. गेल्या महिन्यातही म्हटलं. बाबांनी काय केलं माहीत आहे? 'उद्या या'चं बटण दाबलं."

आईला हसू आलं. मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते तिला कळलं नाही. तिनं फोन मिस्त्रीच्या कानाला लावून दिला आणि ती तोंड धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर यायचा होता, आणि तो बोल्ट अजून निघाला नव्हता. सकाळी तिनं डोक्याला पट्टी बांधली आणि बूट चढवले. मिस्त्रीनं पुढे होऊन तिची वाट अडवली. ती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तोच बाजूला झाला. काठीला खडू बांधून जुन्या खड्ड्याभोवती त्यानं वर्तुळ काढलं. काढताना दोनदा थांबून दम घेतला. तिनं घोड्या लावल्या, वर्तुळापासून लांब. या वेळी जॅकही तसाच ठेवला.

खाली जाण्याआधी ती थांबली. गॅरेजात शांतता होती. भिंतीवर खिळा होता, आणि पुठ्ठ्यावरची पाटी.

"घोडी लावली का?" तिनं स्वतःच विचारलं, त्याच्यासारखा घोगरा सूर काढून. आणि स्वतःच म्हणाली, "लावली."

मिस्त्री स्टुलावर बसला. ती गाडीखाली सरकली. बोल्टाला तेल पाजलं, पाना बसवला. एकशे बाराही वाक्यं तिला तोंडपाठ होती, 'अगं' तेवढं सोडून बाकीची एकेक करून म्हणत तिनं काम पुढे नेलं. जोर लावू नको, अंदाज घे. उलटा फिरव. आता थोडा सुलटा. बोल्ट हलला. मग कुरकुरत सुटायला लागला.

ती एकदम थांबली. कान देऊन राहिली. बाहेर काहीच नव्हतं. त्याच्या गळ्यातून येणारी हवासुद्धा तिथवर ऐकू येत नव्हती.

"थांबा हो," ती म्हणाली, "आलेच."

कुणी हाक मारली नव्हती.

स्टुलावर मिस्त्रीनं मान वर केली. दाराकडे निघालेले आपले जुने बूट तो जरा वेळ बघत राहिला. मग खिशातला दहाचा पाना काढून त्यानं टेबलाच्या लोखंडी पायावर एकदा वाजवला.