एलिचपूरचा पैसा

खुशालराव बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. मोगलांच्या काळात एलिचपूरच्या टांकसाळीत पाडलेला तांब्याचा पैसा मात्र नऊ वर्षं शोधूनही मनासारखा मिळत नव्हता. जो मिळे, त्यावरचं गावाचं नाव नेमकं झिजलेलं असे.

भाचीच्या लग्नासाठी ते अकोल्याला गेले आणि नवा कोट ढगळ निघाला. तो घेऊन ते बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या रजियाबींकडे गेले. रजियाबी शिवणकाम करत. पंख्याच्या वाऱ्याने कागदी माप उडू नये म्हणून त्यांनी त्यावर कात्री, अडकित्ता आणि तांब्याचा एक जाड, वेडावाकडा तुकडा ठेवला होता.

खुशालरावांनी तुकडा उचलला, खिशातलं भिंग लावलं आणि खुर्चीत बसूनच घेतलं.

"हा मले देता का, रजियाबी?"

"घेऊन जा ना. त्याच्यात काय हाय?"

नाणं खिशात टाकून निघता आलं असतं. पण ते त्यांच्याच्यानं झालं नाही. त्यांनी भिंग पुढे केलं. "आधी वाचून पाहा. तुमाले उर्दू येते."

रजियाबींनी चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "ज़र्ब... एलिच... पूर." मग त्या थांबल्या. "म्हणजे आपलं अचलपूर?"

"तेच. जुनं नाव. ज़र्ब म्हणजे तिथं पाडलेला."

"अवं, ते तर माह्यं माहेर हाय. आता नाही देत मी."

खुशालरावांचा चेहरा पडला. कोटाची बाही आत घेताना रजियाबींनी तो पडलेला चेहरा दोनदा पाहिला. "तुमी काहून सांगतलं मंग? गुपचूप नेलं असतं."

"जमलं नाही," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात अमरावतीला नाण्यांचं प्रदर्शन होतं. तेवढ्यापुरतं नाणं मागायला त्यांनी फोन केला. "देईन," रजियाबी म्हणाल्या, "पण मी बी संग येईन."

आल्या, आणि टेबलामागे ठाण मांडून बसल्या. पोरंपोरी नाणं पाहायला वाकली की विचारायच्या, "हे कुठलं हाय, सांग बरं." मग अचलपूरच्या वेशी, त्यांची शाळा, तिथल्या बोरी, सगळं ओघात यायचं. खुशालरावांच्या चांदीच्या रुपयांकडे कोणी फिरकत नव्हतं. ते चहा आणत होते आणि गर्दीला रांगेत उभं करत होते. इतका आनंद त्यांना एखादं नाणं विकत घेऊनही झाला नव्हता.

संध्याकाळी रजियाबींनी नाणं रुमालात बांधलं. "आता अचलपूरला भावाकडे चालली मी. त्याले दाखवतो. तुमी येता का? भावजय भाकर-भरीत चांगलं करते."

खुशालरावांनी घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगितलं आणि रजियाबींची पिशवी उचलून ते अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या गाडीत चढले.