पुढच्या गावातलं घर

पहिल्या मुक्कामाचं घर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या गावात उभं होतं. तीच निळी भिंत, उंबऱ्याचा तोच उडालेला टवका, आणि दारात त्याच अनसूयाबाई. सकाळी ज्यांचा निरोप घेऊन शालन आणि विश्राम निघाले होते आणि दिवसभर उन्हात सायकली हाणत इथवर आले होते, त्याच.

"या न. आज उशीर केला," त्या म्हणाल्या.

विश्रामने सायकल भिंतीला टेकवली. शालनने रांजणातलं पाणी घेऊन पायांवर ओतलं. अशा उन्हातून आल्यावर कुणी घरात घेतंय, एवढंच दोघांना पुष्कळ होतं. काय विचारायचं ते जेवल्यावर विचारू, असं शालनने ठरवलं. पण पानात गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर पन्हं आलं, आणि ती विचारायचं विसरूनच गेली.

दोघं यवतमाळचे. विश्राम एसटीवर ड्रायव्हर होता, नशिबी कायम मुक्कामी गाड्या. शालन सरकारी दवाखान्यात नर्स, तिच्या वाट्याला रात्रपाळ्या. त्यांचा संसार झाला तो दारातल्या दारात, एक येताना आणि एक जाताना. विश्राम आधी निवृत्त झाला, आणि पन्नाशी उलटलेल्या बायकोला त्याने मैदानावर नेऊन सायकल शिकवली. एप्रिल संपता संपता तीही नोकरीतून सुटली, तेव्हा ठरलं, सायकलवर थेट हर्णैच्या समुद्रापर्यंत जायचं.

"बाबा, उन्हाळा तरी संपू द्या," मुलगी फोनवर म्हणाली.

"तोवर गुडघे संपतील," विश्राम म्हणाला, आणि ते निघाले.

तिसऱ्या मुक्कामाच्या गावात पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विश्रामने मुद्दाम विचारलं, "मुक्कामाला जागा मिळेल का कुठं?"

"अनसूयाबाईचं घर हाय की. हे काय, शाळेच्या मागं."

"कधीपासून आहे ते?"

"घर?" म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी घराला मागची खोली नव्हती. शालनला ते लगेच कळलं, कारण आधीचे दोन्ही मुक्काम ती त्या खोलीत झोपली होती. जिथे दार होतं तिथे सारवलेली भिंत होती. अनसूयाबाईंनी गाद्या माजघरात घातल्या. घर थोडं लहान झालं होतं, पण गारवा तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, डांबर टायरला चिकटत होतं तेव्हा, शालनने अनसूयाबाईंच्या रांजणातून भरून घेतलेली बाटली तोंडाला लावली. पाणी गारेगार होतं. त्याला वास होता ओल्या चुन्याचा, टांगलेल्या कांद्यांचा आणि जुन्या गोधडीचा. तिने बाटली खाली घेतली.

"अहो, ही आपली मागची खोली आहे."

विश्रामने आपल्या बाटलीतला घोट घेऊन बघितला. मग बाटली उन्हात धरून त्याने किती उरलंय ते पाहिलं.

"निम्मी पिऊन झाली," तो म्हणाला.

संध्याकाळी पुढच्या गावातल्या घरी गेल्यागेल्या शालनने उरलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतलं. जमिनीने ते शोषून घेतलं. खोली आली नाही.

"तसं नाही होत ते," अनसूयाबाई चुलीपासून म्हणाल्या. त्या दिवशी स्वयंपाकघराला एकच भिंत होती आणि ते थेट पलीकडच्या शेतात उघडत होतं.

"बाई, आमच्यामुळे तुमचं घर जातंय."

"मंग? घर कायले असते?" असं म्हणून त्यांनी विश्रामच्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली. "जेवा न तुम्ही."

विश्राम जेवला. जेवताना त्याचे डोळे भरून आले. आयुष्यभर धाब्यांवर उभ्याउभ्या जेवलेला माणूस तो. आपल्याला कुणी आग्रह करावा याची त्याला सवयच नव्हती.

पहाटे दोघांनी बाटल्या रिकाम्याच ठेवल्या, चपला हातात घेतल्या आणि चोरासारखे बाहेर पडले. त्या दिवशी थांबायचंच नाही, घर दिसलं तरी न बघता पुढे जायचं, असं त्यांनी ठरवलं. एका बोअरवर पाणी भरलं, ते अर्ध्या तासात चहासारखं झालं. पुढे झाड नव्हतं. सूर्य वर आला आणि तिथेच राहिला. वाटेत एका टपरीच्या मागे निळी भिंत दिसली, तेव्हा शालनने मान फिरवली आणि जोरात पाय मारले. विश्रामनेही मारले. थोड्या वेळाने तिला त्याच्या सायकलचा आवाज येईना.

तो रस्त्याच्या कडेला पडला होता. ती धावत मागे गेली. त्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि घामाचा एक थेंब नव्हता. याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. दर मे महिन्यात अशी माणसं तिच्यासमोर बैलगाडीतून, रिक्षातून आली होती आणि त्यांतली सगळी परत गेली नव्हती.

"शालन, स्टँड आला का?" त्याने विचारलं.

"आला, आला. डोळे उघडे ठेवा."

तिने मान वर केली, तर घर समोर होतं. नुसतं माजघर उरलेलं. अनसूयाबाई दारातून धावत येत होत्या. दोघींनी त्याला उचलून आत नेलं. शालनने त्याचा शर्ट काढला. अनसूयाबाई ओल्या पंच्याने वारा घालू लागल्या. त्याचं अंग जसजसं निवत गेलं, तसतशी पश्चिमेची भिंत पातळ होत गेली. आधी तिच्यातून उजेड दिसला, मग माळ दिसला, मग गुरं दिसली. विश्रामने डोळे नीट उघडले तेव्हा तिथे भिंत नव्हती.

शालनला रडू आलं. तिने अनसूयाबाईंचे पाय धरले. कपाळाला लागलेले ते पाय रांजणाच्या बुडासारखे गार होते.

"ऊठ व माय," अनसूयाबाई म्हणाल्या. "माणूस उठला न? झालं तर."

विश्राम सावरेपर्यंत ते तिथेच राहिले. मग निघावंच लागलं. निघताना अनसूयाबाईंनी बाटल्या भरून दिल्या, आणि या वेळी कुणी नाही म्हटलं नाही. शालनने दोन्ही हातांनी बाटली घेतली, प्रसाद घ्यावा तशी. वाटेत दोघं एकेक घोट घेत, थांबून, डोळे मिटून प्यायले. त्या पाण्यात चुलीचा धूर होता, पाटा-वरवंटा होता, छपराच्या कवेलूंवरून चालणारं मांजर होतं.

"चांगलं घर होतं," विश्राम म्हणाला.

"फार चांगलं."

पुढचं गाव आलंच नाही. चढ संपल्यावर नुसतं पठार लागलं, दगड आणि वाळलेलं गवत. त्याच्या मधोमध एक चौकट उभी होती. चौकटीत अनसूयाबाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर ओढून. त्यांच्या चेहऱ्यावर शालनने पहिल्यांदाच घाम पाहिला.

"या," त्या म्हणाल्या. "आत या."

दोघं वाकून चौकटीतून आत गेले. आत बाहेरइतकंच ऊन होतं. अनसूयाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो पुढे केला.

"आधी तुम्ही," शालन म्हणाली.

"मी नाही पेत. मी देते."

"आज प्या."

शालनने तांब्या त्यांच्या ओठांना लावला आणि दवाखान्यातल्या हट्टी पेशंटला पाजावं तसा पूर्ण पाजला. अनसूयाबाईंनी तोंड पुसलं. त्या अवघडल्यासारख्या इकडेतिकडे बघत राहिल्या.

"मी जराशी बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा न," विश्राम म्हणाला.

तो सूर्याकडे पाठ करून उभा राहिला. शालन त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, उभी राहिली. दोघांची मिळून जेवढी सावली पडली तेवढ्यात अनसूयाबाई अंग दुमडून बसल्या, मग आडव्या झाल्या आणि झोपी गेल्या. त्या घोरत होत्या. सूर्य हलत नव्हता. लग्नानंतर इतका वेळ आपण एकत्र एका जागी कधी थांबलोच नव्हतो, हे शालनच्या लक्षात आलं, आणि ते उशिरा का होईना मिळालं म्हणून तिला बरं वाटलं.

"शालन," विश्राम हळूच म्हणाला, "पाठीला गार लागतंय. सारवलेल्या भिंतीसारखं."

"मलाही."

"पाय हलतायत तुझे?"

तिने बघितलं. "नाही."

"दुखतंय?"

"छे. उलट बरं वाटतंय."

एक चिमणी आली. शालनच्या कोपराच्या बेचक्यात उतरली, इकडेतिकडे मान वळवून तिने जागा पारखली, चोचीतली काडी तिथे आडवी ठेवली, आणि दुसरी आणायला उडाली.