जाळरेषेवरचा कोयता

मी एक जुना कोयता आहे, मित्रांनो. धार लावून लावून माझे पाते निम्मे झिजले आहे, पण माझी तक्रार मुळीच नाही. उत्तर थायलंडच्या डोंगरात, कारेन लोकांच्या गावात, लोहाराने मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून मला घडवले, बांबूच्या मुळाची मूठ बसवली आणि मूपॉच्या हाती दिले. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते.

काम मी तिच्याच हातात शिकलो. भातासाठी डोंगराचा एक तुकडा साफ करायचा, पण झाड मुळापासून तोडायचे नाही, कमरेएवढा बुंधा राखायचा. एक पीक निघाले की तो तुकडा कित्येक वर्षे मोकळा सोडायचा. बुंध्यांना धुमारे फुटत, पुन्हा रान माजे, भेकरे परत येत. उन्हाळ्यात सारा गाव मिळून डोंगराच्या धारेवर जाळरेषा काढी. झुडपे छाटून, पालापाचोळा ओढून जमिनीची रुंद पट्टी उघडी केली, की वणवा तिथेच अडतो.

तरी खाली शहरात धूर दिसला की बोट आमच्याकडेच! एका उन्हाळ्यात वनखात्याचे नवे साहेब वर आले. वीरापोन त्यांचे नाव.

"रान तुम्हीच जाळता. आता आत पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले.

"बरं साहेब," मूपॉ म्हणाली, "मग जाळरेषा तुम्ही काढणार ना? झाडू देऊ का आणून?"

लोक खो खो हसले. साहेबांचे कान लाल झाले.

थोड्याच दिवसांत पलीकडच्या खोऱ्यातून वणवा चढला. मूपॉने मला कमरेला खोचले आणि गाव तिच्यामागे धावला. साहेबही धापा टाकत आले. आता मला जप्त करणार, असे मला वाटले. पण समोरच्या ज्वाळा पाहून ते ओरडले, "मावशी, मी कुठे उभा राहू?"

"माझ्या डावीकडे! आणि तो नायलॉनचा सदरा काढा आधी, पेट घेईल!"

सगळ्यांनी मिळून घाईघाईने पट्टी उघडी केली आणि वणवा तिच्याशी येऊन विझला. पलीकडचा डोंगर काळा झाला, आमचा हिरवा राहिला.

पुढे साहेबांनीच वरपर्यंत शब्द टाकला आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांनी गावाला बक्षीस देऊन सन्मान करायचे ठरवले. मूपॉने निरोप धाडला, "सन्मान करायचा तर वर या. रान काही खाली येणार नाही."

ते आले. सगळ्यांसमोर वीरापोन म्हणाले, "तुम्ही रान राखलंत म्हणून खाली नदीला पाणी आहे. हे म्हणायला आम्हाला फार उशीर झाला."

मूपॉचे डोळे भरून आले. "झाला तर झाला," ती म्हणाली, "भात गरम आहे, बसा."

मग त्या बक्षिसाची खूण म्हणून मला शाळेत काचेच्या पेटीत ठेवले. पाहुणे येत, फोटो काढत. केवढा मान! पण माझ्यावर गंज चढू लागला. उन्हाळा आला, तरी जाळरेषेचे नाव कुणी काढीना. आता बक्षीस मिळाले आहे, खातेच बघेल, असे लोक म्हणू लागले.

एका सकाळी मूपॉने पेटी उघडली.

"मावशी, अहो, तो बक्षिसाचा कोयता आहे!" मास्तर म्हणाले.

"बक्षीस गावाला मिळालंय, मास्तर. कोयत्याला काम मिळू दे. आणि तुम्हीही चला."

दगडावर पाणी शिंपडून तिने मला घासले. गंजाखालून पाते चमकले, आणि तिच्याविषयी मला जे वाटले ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळही कुणी रान, ओढा किंवा कुरण राखत असेल. त्यांचे कौतुक करा, अगदी तोंडभरून करा. आणि टाळ्या थांबल्या की हाताला येईल ते अवजार घेऊन त्यांच्यामागे चालू लागा.