फ्रिजमधलं उष्टं

सुंदरीचा चेहरा सुजून गोल झाला तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, शेषगिरीने, घरीच निदान केलं. "बसून खाल्लं की असंच होतं."

सुंदरी त्याची बायको. आमच्या तिरुवैयारु गावात मुलींना गाणं शिकवते. उठताना तिला भिंतीचा आधार लागायचा, रक्तदाब चढलेला. तरी शेषाचं पालुपद तेच.

"अक्का, मी किती खाते ते तुम्ही बघता ना?" ती मला म्हणाली.

बघत होते. तिच्या पानातल्या भाताने मांजराचंही पोट भरलं नसतं. म्हणून मीच तिला तंजावुरात डॉक्टर नंदितांकडे नेलं.

डॉक्टरांनी समजावलं. अंगात कॉर्टिसॉल म्हणून एक रस असतो. झोपायच्या वेळी तो अगदी उतरायला हवा. काहींचा उतरतच नाही, मग चेहरा फुगतो, पायांतलं बळ जातं. ते लाळेवरून कळतं. त्यांनी दोन रात्रींसाठी दोन नळ्या दिल्या, आत कापसाची सुरळी. झोपताना ती तोंडात घोळवायची, परत नळीत घालायची आणि नळी फ्रिजमध्ये ठेवायची. त्याआधी खायचं-प्यायचं नाही, दातही घासायचे नाहीत.

खरा आजार घरी आल्यावर सुरू झाला.

"तोंडातलं उष्टं फ्रिजमध्ये? देवाच्या दुधाशेजारी?" शेषा म्हणाला.

"मग दूध बाहेर ठेवा," सुंदरी म्हणाली.

"नासेल."

"मग देवाला कोरी कॉफी दाखवा."

शेवटी मी तोड काढली. नळी स्टीलच्या डब्यात, डबा खाली भाज्यांच्या कप्प्यात. शेषाने मान्य केलं, पण अट घातली. कापूस घालण्याआधी तोंड शुद्ध हवं. त्याने ज्येष्ठमधाची कांडी पुढे केली. "हे खाणं नव्हे, औषध आहे."

ज्येष्ठमध घरात होतंच. सुंदरीचा आवाज मोकळा राहावा म्हणून तोच ते देशी औषधांच्या दुकानातून आणायचा. दिवसभर एक कांडी तिच्या गालात, संध्याकाळी काढा. तिने कांडी चघळली, थुंकली, मग कापूस घेतला. दोन्ही रात्री.

दोन्ही नळ्यांत कॉर्टिसॉल चढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी तपासण्या लागतील, चेन्नईला जावं लागेल, कदाचित ऑपरेशनही. शेषाचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून स्वयंपाक त्याने हातात घेतला. त्याच्या सांबारात मीठ दोनदा पडायचं, एकदा हाताने, एकदा डोळ्यांतून.

चेन्नईची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "कापसाआधी तोंडात काही घातलं नव्हतं ना?"

"काही नाही," सुंदरी म्हणाली.

"तोंड अगदी शुद्ध होतं," शेषा छाती पुढे काढून म्हणाला. "मी स्वतः ज्येष्ठमध दिलं. रोज दिवसभर देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दिवसभर? कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"ज्येष्ठमधाने लाळेतला आकडा खोटा चढतो. आणि इतकं रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, सूज येते, पायांतलं बळही जातं. आधी ते बंद करा. चेन्नईचं नंतर बघू."

बसमध्ये शेषा खिडकीबाहेर बघत राहिला. कालव्यातली बदकं त्याने इतकं मन लावून कधी पाहिली नव्हती. सुंदरी एवढंच म्हणाली, "बघा, बसून काय खाल्लं ते कळलं."

काही आठवड्यांत सूज ओसरली. पुन्हा नळ्या आल्या. या वेळी शेषाने वरचा कप्पा स्वतः रिकामा करून दिला आणि तिच्या तोंडात लवंगही जाऊ नये म्हणून पहारा ठेवला.

निकालाचा फोन आला तेव्हा तो स्वयंपाकघरात वांगी चिरत होता. फोन माझ्या हातात, सुंदरीचा कान माझ्या कानाला चिकटलेला. कॉर्टिसॉल अगदी ठीक होतं. आजार नव्हताच. सुंदरीने डोळे पुसले, माझा हात दाबला.

"काय म्हणाल्या?" आतून शेषाने विचारलं.

"आजार नाही," सुंदरी बारीक आवाजात म्हणाली. "पण अशक्तपणा आहे म्हणे. महिनाभर चुलीजवळ जायचं नाही."

शेषा विळी सोडून दारात आला आणि माझ्याकडे बघू लागला.

"हो," मी म्हणाले. "दीड महिना म्हणाल्या."